नंबर नसलेली प्रत

"हा आवाज तुझाच ना, उल्का?"

शेवाळे सरांनी मोबाईल टेबलावरून माझ्याकडे सरकवला. पडद्यावर मीच होते. निळा कुर्ता, मागे महाराष्ट्राचा नकाशा, आणि मी सह्याद्रीतले घाट शिकवत होते.

"माझाच आहे, सर. पण हे लेक्चर तर अजून आपल्या ॲपवर चढलेलंही नाही."

"चढलेलं नाही. आणि गोरख आवताडेच्या ग्रुपवर कालपासून फुकट फिरतंय."

पुण्यात स्पर्धा परीक्षांचे क्लास गल्लोगल्ली आहेत, पण तेव्हा सरांच्या क्लासचा दबदबा वेगळा होता. करोनानंतर वर्गातली मुलं कमी झाली आणि ॲपवरची वाढली. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतची मुलं फी भरून आमची लेक्चर्स बघायची. चोरी होऊ नये म्हणून ॲपवर प्रत्येकाच्या पडद्यावर त्याचा स्वतःचा मोबाईल नंबर पुसटसा तरंगत राहायचा. कुणी लेक्चर रेकॉर्ड करून बाहेर टाकलं, तर त्याच्या नंबरासकट बाहेर जायचं.

सरांनी दाखवलेल्या लेक्चरवर नंबर नव्हता.

"म्हणजे घरातूनच गेलंय," सर म्हणाले. "विद्यार्थ्याचं काम नाही हे."

मी भूगोल शिकवायचे. दोनदा मुलाखतीपर्यंत जाऊन हात हलवत परत आले होते, घरी देवगडला परत जायचं तोंड नव्हतं, तेव्हा सरांनी बोलावून घेतलं आणि हातात खडू दिला. सर माझ्याशी कधी वरच्या आवाजात बोलले नाहीत. मला ताप आला तर त्यांच्या घरून डबा यायचा. त्यामुळे "घरातूनच" हा शब्द ऐकताना माझ्या डोक्यात पहिलं नाव आलं ते इम्तियाजचं.

इम्तियाज मुजावर आमचं व्हिडिओचं काम बघायचा. मी स्टुडिओत शिकवायचे, तो चित्रण करायचा, काटछाट करायचा, एक स्वच्छ प्रत तपासणीसाठी सरांना द्यायचा आणि सरांनी होकार दिला की ॲपवर चढवायचा. नंबर नसलेली प्रत तिघांकडेच असायची. त्याच्याकडे, सरांकडे, आणि मी कधी मागून घेतली तर माझ्याकडे.

त्यात गोरख आवताडे हा काही अनोळखी माणूस नव्हता. तो आधी आमच्याच क्लासमध्ये इतिहास शिकवायचा आणि इम्तियाजच्याच खोलीवर राहायचा. मी यायच्या थोडं आधी त्याचं सरांशी बिनसलं. तो मंगळवेढ्याला गावी गेला आणि तिथून फुकट शिकवायला लागला. त्याच्या ग्रुपवर हजारो मुलं होती. सुरक्षारक्षक, एसटीचे कंडक्टर, ऊसतोडीला गेलेल्या घरांतल्या मुली, ज्यांना आमची फी झेपत नव्हती अशी सगळी. त्या ग्रुपवर कुणीही काहीही टाकू शकायचं. आमची लेक्चर्सही कुणीतरी टाकत होतं. टाकणाऱ्याचं नाव दर वेळी वेगळं असायचं आणि दुसऱ्या दिवशी ते नाव गायब व्हायचं.

"तुला कुणावर संशय आहे?" सरांनी विचारलं.

मी म्हणाले, "इम्तियाजचं आणि गोरखचं अजून बोलणं असतं, सर. जिन्यात फोनवर बोलताना मी ऐकलंय. गोरखभाई म्हणतो तो त्याला."

सरांनी मान हलवली. जिन्यातलं बोलणं म्हणजे नेमकं काय ऐकलं, हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही.

त्यानंतर मी इम्तियाजकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागले. तो मोबाईल नेहमी पालथा ठेवायचा. मी त्याच्या खोलीत गेले की पडद्यावरची खिडकी बंद करायचा. एकदा मी अचानक आत गेले तर दचकला. आता वाटतं, कुणीही दचकेल. तेव्हा ते सगळं माझ्या हिशेबात बरोबर बसत होतं.

आणि त्याच्याही हिशेबात काहीतरी बसत होतं. एके दिवशी माझा माइक कॉलरला लावता लावता तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही लेक्चरची प्रत घरी नेता ना कधी कधी?"

"माझंच शिकवणं मी परत ऐकते. चुका कळतात."

"नाही, सहज विचारलं."

"सहज का विचारलंत?"

"तुम्ही माझ्या खोलीत सहज येता तसंच," तो म्हणाला आणि कॅमेऱ्यामागे गेला.

त्या दिवशी मी ठरवलं, याला रंगेहाथ पकडायचा.

पुढचं लेक्चर कोकणातल्या खाड्यांवर होतं. भरती-ओहोटी समजावताना मी मुद्दाम घरची एक गोष्ट सांगितली. माझ्या मावशीचं लग्न खाडीपलीकडच्या गावात होतं. नवऱ्या मुलाची होडी निघायला उशीर झाला, ओहोटी लागली आणि होडी मधोमध चिखलात रुतली. मुंडावळ्या बांधलेला नवरा पाणी चढेपर्यंत होडीतच बसून राहिला आणि दोन्ही काठांवरून वऱ्हाड त्याला हाका मारत राहिलं. कॅमेऱ्यामागे इम्तियाजसुद्धा हसला. "हे ठेवूया मॅडम, मुलांना आवडेल," म्हणाला.

"ठेवा," मी म्हणाले. मला तेच हवं होतं.

प्रत तयार झाली तशी मी त्याच्याकडून ती पेनड्राइव्हवर घेतली. "तुम्ही कामात आहात, सरांना मीच देते," म्हणाले. घरी येऊन मावशीच्या लग्नाची गोष्ट तेवढी कापून टाकली. जोड दिसू नये म्हणून बराच वेळ खटपट केली. मग ती कापलेली प्रत सरांना नेऊन दिली. सरांनी होकार दिल्यावर ॲपवर गेली ती मात्र इम्तियाजकडची, गोष्टीसकटची.

सरांच्या प्रतीला हात लावायचं कारण एवढंच, की उद्या इम्तियाज म्हणाला असता, सरांच्या संगणकावरून कुणी उचललं असेल. तेव्हा त्याचं तोंड बंद करायला माझ्याजवळ काहीतरी हवं होतं. बाहेर आलेल्या लेक्चरमध्ये मावशीचं लग्न असलं, की इम्तियाज संपला. एवढा सरळ मामला होता.

त्याच आठवड्यात सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. तिथे आणखी एक गृहस्थ बसले होते. मऊ आवाजाचे, इस्त्रीच्या शर्टातले. सरांनी ओळख करून दिली. हे तळपदे. ऑनलाइन चोरी पकडणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीतले.

"मॅडम, खाड्यांचं लेक्चरही गेलं," तळपदे म्हणाले. "आज सकाळीच. पण आता काळजी नको. तो ग्रुप ज्या ॲपवर आहे, ते चालवणाऱ्या कंपनीला तो बंद करा म्हणून आम्ही कळवलंय. आता पोलिसांत तक्रार. कॉपीराइट कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत आत जाऊ शकतो माणूस. फक्त तुमचा जबाब लागेल. चेहरा तुमचा, आवाज तुमचा."

त्यांनी टाइप केलेले कागद माझ्यापुढे ठेवले. मी वाचायला लागले. गोरख आवताडे यांनी आर्थिक लाभासाठी, वगैरे. पुढे लिहिलं होतं, की इम्तियाज मुजावर यांनी सदर लेक्चर्स आवताडे यांना पुरवली. आणि त्याखाली होतं, की जबाब देणाऱ्या उल्का मोंडकर यांनी दोघांमधलं संभाषण स्वतः ऐकलेलं आहे.

जिन्यातल्या त्या अर्ध्या वाक्याचं इथे संभाषण झालं होतं.

"सही करण्याआधी लेक्चर बघू का?" मी म्हणाले. "जे बाहेर आलंय ते."

"बघा की," तळपदे म्हणाले आणि त्यांनी लॅपटॉप फिरवला.

मी थेट भरती-ओहोटीपाशी गेले. पडद्यावरची मी म्हणाले, "म्हणून खाडीकाठच्या माणसाला घड्याळापेक्षा चंद्र जास्त कळतो." आता मावशीचं लग्न यायला हवं होतं. माझं लक्ष तिच्या ओठांवर होतं. तिने श्वास घेतला आणि ती म्हणाली, "आता उत्तरेकडून दक्षिणेकडे खाड्यांचा क्रम बघू."

गोष्ट आलीच नाही.

मी मागे नेऊन पुन्हा बघितलं. मान किंचित झटका खाते, तिथे माझाच जोड होता. तो मी घरी बसून केला होता.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

तरीही, खरं सांगते, माझ्या मनात सर आले नाहीत. मनात आला तो सरांचा मेहुणा. तो हिशेब बघायचा आणि सारखा केबिनमध्ये असायचा. मी विचारलं, "सर, तुमचा संगणक आणखी कोण वापरतं?"

"कुणीच नाही. पासवर्ड बायकोलाही माहीत नाही. का?"

"आणि मी दिलेला पेनड्राइव्ह?"

"माझ्या ड्रॉवरला कुलूप असतं, उल्का. तू काय विचारतेयस?"

मी कागद खाली ठेवले.

"हे लेक्चर इम्तियाजकडून गेलेलं नाही, सर."

"कशावरून?"

"इम्तियाजच्या प्रतीत एक गोष्ट आहे. ॲपवरच्या प्रतीतही आहे. तुम्हाला दिलेल्या प्रतीतून ती मी काढली होती. ह्यात ती नाही."

तळपदे उठले. "मी एक फोन करून येतो," म्हणाले आणि दार ओढून घेऊन गेले. ते गेल्यावर सर माझ्याकडे वळले.

"तू मला सापळा लावलास?"

"तुम्हाला नाही, सर. इम्तियाजला."

सर हसले. ते हसणं मी आधी कधी बघितलं नव्हतं. "हुशार आहेस. मुलाखतीत दोनदा कसं काय मागे पडलीस?"

मी ते कागद त्यांच्याकडे सरकवले.

"हे बघ," सर पुढे वाकले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "तू करारावर सही केलीयस. त्या लेक्चर्सचे हक्क माझे आहेत. माझी वस्तू मी माझ्या कपाटात ठेवीन, नाहीतर चौकात ठेवीन. त्यात तुझं काय गेलं?"

"मालकानेच चौकात ठेवली, तर उचलणारा चोर कसा?"

"ते तू आणि मी बोलतोय तोवर. बाहेर चोर चोरच असतो. तो फुकट शिकवतो म्हणून देव नाही झाला. दर महिन्याला माझी मुलं त्याच्याकडे जातायत. इथल्या चाळीस माणसांच्या घरची चूल ह्या क्लासवर पेटते. तुझीसुद्धा."

"आणि इम्तियाजची?"

"तू नाव घेतलंस त्याचं. मी नाही."

ते खरं होतं. मी उठले. सर म्हणाले, "आज नको करूस सही. उद्या कर." मी म्हणाले, "उद्याही नाही, सर." आणि बाहेर आले.

जिन्याखाली इम्तियाज बाइकला किल्ली लावत होता. मी त्याला थांबवून सगळं सांगितलं. सापळ्याचंही सांगितलं. वाटलं होतं, तो निदान सुटकेचा श्वास टाकेल.

तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही मला पकडायला निघाला होता."

"हो."

"आणि पकडलं गेलं दुसरंच कुणी, म्हणून आता मला सांगताय." त्याने हेल्मेट घातलं. "जिन्यात मी गोरखभाईशी काय बोलत होतो माहितीये? त्याच्या मुलीला मिरजेच्या दवाखान्यात दाखवायचं होतं. ओळखीचा डॉक्टर विचारत होता."

"इम्तियाज, पोलिसांकडे जायला हवं. तुम्ही येता का?"

"माझं नाव त्या कागदावर आहे, मॅडम. मी स्वतःहून पोलिसांत जाऊ? तुमच्याबरोबर?" त्याने बाइक चालू केली. गल्लीच्या तोंडाशी जाऊन थांबला, मागे वळून म्हणाला, "माझ्याकडची प्रत मी पुसत नाही. कुणी विचारलं तर दाखवीन. एवढं करतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मंगळवेढ्याची एसटी धरली. घरी ठेवलेल्या दोन्ही प्रती दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतल्या होत्या. मनात चित्र तयार होतं. मी गोरखला पुरावा देणार, तो माझे आभार मानणार, आणि आम्ही मिळून लढणार.

गोरख आवताडेचं घर बाजारापासून जवळच होतं. पुढे विहिरीवरच्या मोटारी रिवाइंड करायचं भावाचं दुकान, मागे याची खोली, खोलीत एक फळा आणि तिपाईवर मोबाईल. दाढी वाढलेला, डोळे तारवटलेले. मला बघून तो दारातच उभा राहिला.

"मोंडकर मॅडम ना? ओळखलं. चार महिने झाले, तुमचाच चेहरा बघतोय माझ्या ग्रुपवर."

"मला बोलायचंय."

"बोला. पण मोबाईल तिकडं दुकानात ठेवून या."

"का?"

"रेकॉर्डिंग चालू असलं तर?"

मी मोबाईल दुकानात ठेवून आले. त्याने पर्सही उघडून दाखवायला लावली. मला राग आला, पण दाखवली. मग मी सगळं सांगितलं. तो भिंतीला टेकून ऐकत होता.

"छान आहे गोष्ट," मी थांबल्यावर तो म्हणाला. "शेवाळे सरांनी लिहून दिली का तुम्ही रचली?"

"मी कशाला खोटं बोलू?"

"ते मला काय ठाऊक? काल दुपारी माझा ग्रुप बंद झाला. साठ हजार पोरं होती, परीक्षा तोंडावर आलीय. मी दर वेळी तुमची लेक्चर्स काढून टाकत होतो, कळलं का? दर वेळी. काढलं की दुसरा कुणी टाकायचा. ग्रुप ज्या ॲपवर होता त्या कंपनीला मी लिहिलं, माझी बाजू ऐका. उत्तर आलं यंत्राचं. आणि आज तुम्ही दारात."

मी पेनड्राइव्ह पुढे केला. "ह्यात दोन्ही प्रती आहेत. तुम्हीच बघा."

तो दोन पावलं मागे सरकला. हात पाठीमागे नेले.

"ते मी हातात घेत नाही."

"हा पुरावा आहे!"

"व्हय, पुरावाच आहे. मी घेतला की उद्या पोलिस येणार आणि म्हणणार, चोरीचं लेक्चर आवताडेच्या घरात सापडलं. बोटांच्या ठशांसकट. ठेवा ते पर्समध्ये."

आतून त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. "ताई उन्हाची आलीय, पाणी तरी पिऊ दे," ती त्याला म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलं त्या नजरेतही विश्वास नव्हता. फक्त पाणी होतं. मी प्यायले.

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"मला विचारू नका. तुम्ही खऱ्या असाल तर तुम्हाला माहीत असंल काय करायचं ते."

मी बाहेर पडले. स्टँडवर पुण्याची गाडी लागलेली होती. तिच्याकडे बघत मी थोडा वेळ उभी राहिले. मग शेजारच्या सोलापूरच्या गाडीत चढले.

सोलापूरला सायबर पोलिसांच्या कार्यालयात बसलेल्या बाईंनी माझं नाव लिहून घेतलं आणि पेन थांबवून विचारलं, "तुम्ही तक्रारदार का आरोपी?"

"दोन्ही नाही. माझ्या नावाने खोटी तक्रार होणार आहे. ती होण्याआधी मला खरं काय ते नोंदवायचंय."

"नोकरी त्याच क्लासमध्ये आहे?"

"कालपर्यंत होती."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. नोकरीवरून काढलेली बाई मालकावर सूड उगवायला आलीय, असा त्यांचा समज होणं साहजिक होतं, आणि तो झालाच. त्यांनी पुन्हा पुन्हा तेच विचारलं. गोष्ट का कापली, आवताडेशी माझा काय संबंध, आत्ता कुठून आले. मंगळवेढ्याहून म्हणताच त्यांची भुवई वर गेली. पण दोन्ही प्रती त्यांनी माझ्यासमोर लावून बघितल्या, इम्तियाजला फोन करून त्याच्याकडच्या प्रतीत काय आहे ते विचारलं, आणि शेवटी माझा जबाब उतरवून घेतला. मी सही केली.

बाहेर आले तेव्हा रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीजवळ गोरख उभा होता. बाइक बाजूला लावलेली, तोंडावर रुमाल बांधलेला. मंगळवेढ्याहून तो एसटीच्या मागोमाग आला होता.

मी रस्ता ओलांडला. त्याने रुमाल खाली केला.

"खरंच गेलात," तो म्हणाला.

"आता तरी विश्वास बसला?"

"न्हाई अजून," तो म्हणाला. "पण चहा घ्या."

सरांची तक्रार पोलिसांत गेलीच नाही. माझा जबाब आधीच नोंदवलेला आहे हे त्यांना कुठून कळलं, देव जाणे, पण कळलं. सरांचं काही बिघडलं नाही. क्लास चालू राहिला आणि माझी लेक्चर्सही ते कितीतरी दिवस विकत राहिले. हक्क त्यांचे होते. इम्तियाज सांगलीला लग्नाचे व्हिडिओ करायला लागला. ईदला मी संदेश पाठवते, तो "शुक्रिया मॅडम" एवढंच लिहितो. गोरखचा ग्रुप परत आला नाही. अर्ज, स्मरणपत्रं, सगळं करून झालं. त्या वर्षीची परीक्षा त्या पोरांनी जमेल तशी दिली.

त्याने नव्या नावाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. भूगोलाला माणूस नव्हता. त्याने मला विचारलं आणि मी हो म्हणाले. तीन वर्षं मी त्या मोटारीच्या दुकानामागच्या खोलीत शिकवलं. फुकट शिकवायचं असल्यामुळे चोरीची भीती नव्हती, कुणीही घ्यावं, कुणालाही द्यावं.

तरी लेक्चर बाहेर सोडण्याआधी गोरख त्याची एक प्रत स्वतःकडे वेगळी ठेवायचा. घरी आल्यावर मीही एक ठेवायचे. त्याबद्दल आम्ही एकमेकांना कधीच काही विचारलं नाही.